रोल नंबर लिहून खरं कोण सांगेल?

गेल्या वर्षी व्यसनमुक्ती सप्ताहात आमच्या महाविद्यालयात एक सर्वेक्षण झालं. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे भरलेल्या अर्जांचे गठ्ठे माझ्या टेबलावर आले. 'मॅडम, तेवढी टक्केवारी काढून द्या, परवा अहवाल जायचाय.' अर्जावर सगळ्यात वर नाव, वर्ग, रोल नंबर. नावापुढे 'ऐच्छिक' असं छापलं होतं, रोल नंबरापुढे तेही नव्हतं. खाली बारा प्रश्न आणि हो-नाहीचे रकाने. वर्गशिक्षकांनी तास थांबवून अर्ज वाटले आणि बाकांमधून फिरत दहा मिनिटांत गोळा केले.

गठ्ठा सोडला आणि तिसऱ्या-चौथ्या अर्जालाच हात थांबला. 'नाही'च्या रकान्यातून वरून खाली एकच सरळ रेघ. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. तंबाखू? नाही. दारू? नाही. त्याच रेघेच्या ओघात 'दुचाकी चालवताना हेल्मेट वापरता का?' नाही. 'सकाळी नाश्ता करून येता का?' नाही. मुलांनी प्रश्न वाचलेच नव्हते. या कागदावर 'हो' लिहिणं धोक्याचं आहे, एवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

त्याच मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी, भिंतीचा कोपरा गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तांबडा-तपकिरी झालेला आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत तो रंगवतात आणि महिन्याभरात तो पुन्हा तसाच होतो. झाडणाऱ्या मावशींच्या सुपलीत मावा बांधून देतात त्या प्लास्टिकच्या पुड्या आणि रबर रोज सापडतात. अहवालात मात्र आमचा परिसर व्यसनमुक्त ठरला आणि तो कागद तपासणी समितीच्या फायलीत लागला. आकडेमोड बरोबर होती. त्या कागदावर माझी सही आहे आणि ती मला अजून सलते.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, मोठा साठा पकडला. जानेवारी २०२५मध्ये विट्याजवळ एमडी तयार करणारा कारखानाच उघडकीला आला. सांगली जिल्हा हादरला, आणि हादरायलाच हवा होता. पण त्यानंतर ज्या व्यासपीठावर जावं तिथं एक वाक्य ऐकू यायला लागलं, 'आपली निम्मी तरुण पिढी नशेत बुडाली आहे.' निम्मी हा आकडा कुठून आला? पकडलेल्या मालाच्या वजनावरून पोलिसांची कारवाई समजते, तस्करांनी गोदाम कुठं घेतलं ते समजतं. विश्रामबागेतल्या वसतिगृहात राहणारी किती मुलं काय घेतात, हे त्या वजनातून निघत नाही.

म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीबद्दल, कागदावर शून्य आणि भाषणात निम्मी. दोन्ही आकडे मोजून आलेले नाहीत. माझं म्हणणं असं की आपल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींच्या जोखमीच्या सवयी एकदा प्रामाणिकपणे मोजल्या पाहिजेत आणि त्यासाठी जी किंमत द्यावी लागते ती महाविद्यालयांनी द्यायला तयार व्हायला हवं. ती किंमत पैशाची नाही. कोण बोललं, हे कुणालाही, अगदी प्राचार्यांनाही, कधीही कळणार नाही, असं वचन द्यायचं आणि ते पाळायचं.

मोजून काय होणार, असं मला स्टाफरूममध्ये विचारलं जातं. जत-आटपाडीकडून पहिल्यांदा घर सोडून आलेला अठरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. खोलीत तीन सिनियर. शनिवारी रात्री 'बसायचं' ठरतं. त्याला नको असतं, पण त्याला वाटतं की सगळेच पितात, आपणच तेवढे गावंढळ. अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी १९८६ साली नेमकं हेच दाखवलं होतं: आपले सोबती प्रत्यक्षात पितात त्यापेक्षा बरंच जास्त पितात, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. न पिणाऱ्याला आपण एकटे आहोत असं वाटतं आणि पिणाऱ्याला आपण सगळ्यांसारखेच आहोत असं वाटतं. 'निम्मी पिढी बुडाली' हे भाषण त्या मुलाच्या कानावर पडतं तेव्हा त्याला इशारा ऐकू येत नाही, त्याचा समज पक्का होतो. आणि शून्याचा अहवाल आला की जो खरोखर अडकलाय त्याच्यासाठी समुपदेशक नेमायचं कारणच उरत नाही. शून्याला कशाला हवा समुपदेशक?

देशपातळीवर जे मोजलं गेलंय ते पाहिलं तरी आपले अंदाज किती भरकटलेले आहेत ते लक्षात येतं. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या २६.६ टक्के लोकांना तंबाखूची सवय आढळली. पण ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि चघळणारे, लावणारे २४.४ टक्के (काही जण दोन्हींत येतात). तरी आमच्या व्हरांड्यातल्या सगळ्या भित्तिचित्रांवर जळती सिगारेटच आहे. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते २४ वयोगटात तंबाखू वापरणारे १८.४ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आलेले दिसले. पहिला आकडा २००९-१०चा. शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी जण तंबाखूला हात लावत नाहीत, हे त्या वयाच्या मुलांना आपण कधी सांगितलंय का?

मोजायचं कसं, तर सुरुवात शब्दांपासून. आमच्या अर्जात 'तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन' असं होतं. नंतर प्रयोगशाळेत एका मुलाशी सहज बोलत होते. त्याच्या खिशातून पुडीचं टोक दिसत होतं.

'हे काय रे?'

'मावा आहे, मॅडम.'

'मग अर्जात तंबाखूला नाही का लिहिलंस?'

तो खरोखर गोंधळला. 'मॅडम, मावा म्हणजे तंबाखू थोडीच हाय? सुपारी असती ती. तंबाखू म्हणजे गायछाप, आमचा आज्जा मळतोय ती.'

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जगात ही दोन वेगळी नावं आहेत, दोन वेगळ्या वयांच्या माणसांच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माव्यात सुपारी आणि चुन्याबरोबर तंबाखू घोटलेली असते, हे त्याला कुणी प्रश्नाच्या रूपात विचारलंच नव्हतं. मुलींचं मिश्रीबाबत, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीबाबत, तेच. आई लावते, आजी लावते, दात घासायची पद्धत आहे ती, व्यसन कसलं? आणि 'मद्यपान' या शब्दाला 'नाही' म्हणणारा मुलगा 'बिअर?' म्हटल्यावर 'ती कधीतरी, रस्सा मंडळाच्या जेवणाला' असं मोकळेपणानं सांगतो. दिल्लीत किंवा जिनिव्हात तयार झालेली प्रश्नावली पुस्तकी मराठीत उतरवून आणली की 'धूरविरहित तंबाखू' असा शब्द छापला जातो. तो शब्द मिरजेच्या एसटी स्टँडवर एकालाही कळणार नाही. मावा, गायछाप, मिश्री, गुटखा, बिअर, दारू, झोपेच्या गोळ्या, जिममधलं इंजेक्शन, ट्रिपल सीट: प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारली तरच ओ मिळेल.

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलानं आमच्या अर्जावर 'हो' लिहिणं हा एका अर्थी लेखी कबुलीजबाबच आहे, वरच्या रोल नंबरासह. गांजा किंवा एमडीबद्दल तर बोलायलाच नको. अशा मुलाकडून खरेपणाची अपेक्षा करताना आपण त्याच्याकडे धैर्य मागतो आणि बदल्यात काहीच देत नाही.

यावर संख्याशास्त्रात एक सुंदर तोड आहे. १९६५ साली स्टॅन्ले वॉर्नर यांनी ती मांडली आणि पुढं तिची अनेक रूपं निघाली. त्यातलं एक सोपं रूप मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात करून घेते. प्रत्येकानं खिशातलं रुपयाचं नाणं काढायचं, बाकाखाली उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर प्रश्न काहीही असो, 'हो' लिहायचं. काटा पडला तर खरं उत्तर लिहायचं. वर्गात मी प्रश्न परीक्षेतल्या कॉपीचा घेते, कारण तेवढाच मला शिक्षिका म्हणून विचारणं शोभतं.

एकदा हे चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. 'मॅडम, म्हणजे माझं हो कुणाचं म्हणायचं? नाण्याचं का माझं?'

'ते फक्त तुला माहीत.'

तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग बसला, आणि कागदावर हात आडवा धरून लिहायला लागला. वर्गात एवढी शांतता मी परीक्षेतही पाहिलेली नाही.

हिशेब असा. समजा २०० मुलं आहेत आणि १३० 'हो' आले. साधारण १०० जणांना छापा पडला असणार, ते 'हो' नाण्याचे. उरलेल्या १०० जणांनी खरं लिहिलं आणि त्यात ३० 'हो' आहेत. म्हणजे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास. कोणता 'हो' कुणाचा हे मलाही सांगता येणार नाही, पोलिसांनाही नाही आणि प्राचार्यांनाही नाही. वर्गाचं सत्य कळतं, मुलाचं गुपित त्याच्याकडेच राहतं. अर्थात हे फुकट होत नाही. नाण्याच्या लहरीमुळे अंदाज ढिला होतो. सरळ विचारून जेवढी अचूकता दोनशे मुलांत मिळते, तेवढ्यासाठी इथं चारपटीहून थोडी जास्त मुलं लागतात. पण सरळ विचारून मिळालेली अचूकता ही त्या उभ्या रेघेची अचूकता असेल, तर ती घेऊन काय करायचं?

सगळ्या प्रश्नांना नाण्याची गरज नाही. झोप, नाश्ता, व्यायाम यांना साधा बिननावाचा कागद आणि कुलूपबंद पेटी पुरते. काही गोष्टी तर विचारायच्याच नाहीत, पाहायच्या. हेल्मेट किती जण घालतात हे कळायला फाटकाशी दोन सकाळी उभं राहून आत येणाऱ्या गाड्या मोजाव्यात. डोळ्यांना दिसतं ते मुलाला विचारून त्याला खोटं बोलायला कशाला लावायचं?

शून्याचं खोटं कसं तयार होतं ते सांगितलं. फुगलेला आकडाही मोजणीच्याच चुकीतून येऊ शकतो, आणि ती चूक कुठं लपते हे दाखवणारा माणूस आपल्याच मातीतला होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध, सातारा जिल्हा. नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रात जगभर मान मिळालेलं हे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? १९४०च्या दशकात पिकाचा उतारा मोजण्यासाठी शेतात लहान लहान तुकडे आखून तेवढंच पीक कापायची पद्धत होती. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो. कारण काठ. रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यात काठाचा वाटा मोठा.

'आयुष्यात कधी तरी दारू घेतली आहे का?' हा प्रश्न असाच सगळा काठाचा आहे. चुलतभावाच्या लग्नात एक घोट घेऊन तोंड वाकडं केलेला मुलगा आणि रोज संध्याकाळी पिणारा मुलगा, दोघंही त्यात आत येतात. मग मथळा होतो, 'इतके टक्के विद्यार्थी मद्यपी.' विचारायचं असेल तर गेल्या तीस दिवसांत किती दिवस, असं विचारावं. दिवस मोजता येतात. आणि बढाई मारणारी मुलं असतातच. युरोपात १९९५पासून शाळकरी मुलांचं जे मोठं सर्वेक्षण चालतं, त्यात अमली पदार्थांच्या यादीत 'रेलेविन' असं एक नाव घातलेलं होतं. असा पदार्थच जगात नाही. तो घेतलाय म्हणणारा दुसऱ्या उत्तरांतही भर घालत असणार, हे त्यावरून ताडता येतं.

मुलं कुठं गाठायची हाही प्रश्न आहेच. मंगळवारी अकराच्या तासाला जी वर्गात बसलेली असतात ती मुळातच शिस्तीची असतात. ज्याच्याबद्दल काळजी वाटते तो कॅन्टीनमागे असतो, किंवा गेले आठ दिवस आलेलाच नसतो. म्हणून निवड हजेरीवरून न करता प्रवेशाच्या यादीवरून करावी आणि निवडलेला मुलगा पलूसला किंवा कवठेमहांकाळला असेल तर त्याच्यापर्यंत पोचावं. शिवाय एका बाकावरची चार मुलं म्हणजे चार वेगळी माणसं नव्हेत, ती एकाच टपरीवर जातात. चारशे मुलं सुटी सुटी निवडली तर अंदाज पाच टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे राहतो. तीच चारशे, दहा आख्खे वर्ग उचलून घेतली तर ती प्रत्यक्षात दोनशेच्याच मोलाची ठरू शकतात.

मोजल्यानं बदनामी होते, ही भीती मी ऐकते आणि ती मला खोटी वाटत नाही. पण सांगलीनं यापेक्षा अवघड मोजणी पाहिलेली आहे. एचआयव्हीचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या जिल्ह्यांत एकेकाळी आपला जिल्हा गणला जात होता. १९९८पासून देशभर जे पाहणीचं काम चाललं, त्यात गरोदर बायकांच्या नेहमीच्या तपासणीतून उरलेल्या रक्ताच्या नमुन्यावरचं नाव काढून मग तो तपासत. बाईची ओळख कुठंही जोडली जात नसे. त्या आकड्यांमुळे औषधं, समुपदेशन, तपासणी केंद्रं कुठं हवीत ते ठरलं. नाव पुसलं म्हणून आकडा मिळाला आणि आकडा मिळाला म्हणून काम उभं राहिलं.

बदनामीची भीती सगळ्यात खरी आहे ती मुलींच्या बाबतीत. तासगावहून, पलूसहून पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या मुली मी रोज पाहते. दोन वर्षं घरी भांडून एकेकीनं एसटीचा पास मिळवलेला असतो. उद्या वर्तमानपत्रात 'सांगलीतल्या इतक्या टक्के विद्यार्थिनी दारूच्या आहारी' असा मथळा आला, तर त्या आकड्यात नसलेल्या मुलीचा बाप तिला पुढच्या जूनला घरी बसवेल. म्हणून मुलींचे आकडे महाविद्यालयनिहाय, तालुकानिहाय कधीही जाहीर होता कामा नयेत. शिवाजी विद्यापीठ १९६२पासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा सांभाळतं. तिन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच आकडा असावा, आणि तोही 'न पिणाऱ्या किती' या बाजूनं आधी सांगावा. कुठल्याही महाविद्यालयाला त्यावरून गुण मिळू नयेत आणि त्याचे गुण कापलेही जाऊ नयेत. ज्या दिवशी या आकड्याला मानांकन चिकटेल, त्या दिवशी तो पुन्हा शून्य होईल.

विचारल्यानं मुलं शिकतात, असंही काही पालक म्हणतात. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, हे संशोधनानं वारंवार दाखवलंय. पण नशेच्या किंवा तास बुडवण्याच्या बाबतीत, नुसत्या प्रश्नानंही ते वागणं थोडं वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून मी 'पुढच्या महिन्यात घ्याल का?' असे प्रश्न काढून टाकायच्या मताची आहे. घडलेलं विचारावं, घडणार का ते नाही. आणि ज्या कागदावर आपण कुणाला त्याच्या उदासीबद्दल विचारतो, त्याच कागदाच्या खाली, फाडून खिशात ठेवता येईल असा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीत छापलेला असला पाहिजे. विचारून निघून जाणं हे मला न विचारण्यापेक्षा वाईट वाटतं. आपल्याकडं एकाच आवारात अकरावी-बारावीची मुलंही असतात. ती अठराच्या आतली, त्यांच्या पालकांची संमती घेतल्याशिवाय त्यांना यात आणू नये.

काम करायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. सांगलीतल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी कराडला जावं, कराडच्यांनी साताऱ्याला, साताऱ्याच्यांनी सांगलीला यावं. आपल्या वर्गशिक्षिकेच्या हातात कागद द्यायचा नाही म्हटलं की मुलाचा खांदा सैल होतो. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं प्रश्नांचे शब्द तपासून देतील, ती या शब्दांतच राहतात. वेळ ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरची, म्हणजे प्रवेश संपलेले आणि परीक्षा लांब. अमेरिकेत १९९१पासून दर दोन वर्षांनी शाळांमधून बिननावाचं असं सर्वेक्षण होतं आणि त्याचा खरा उपयोग तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आहे. एकदाच काढलेल्या आकड्यावरून आपण सुधारतोय की घसरतोय हे कळत नाही. खर्च कागदाचा, एसटीच्या तिकिटाचा आणि कुलूप लावलेल्या पेट्यांचा.

यंदाच्या व्यसनमुक्ती सप्ताहासाठी गेल्या वर्षीचाच अर्ज पुन्हा छापायला जाणार आहे. त्याची प्रत गेल्या आठवड्यात माझ्याकडं तपासायला आली. मी रोल नंबरची ओळ लाल शाईनं खोडली, तंबाखूच्या प्रश्नाखाली मावा आणि मिश्री लिहिलं, आणि या वेळी टक्केवारीवर सही करणार नाही, असं सोबतच्या चिठ्ठीत कळवलं.